परक्या घरची लाईट

“बॅटरीला काहीच झालेलं नाही खाला,” ओवैसनं फोन काउंटरवर ठेवला. “मागच्या महिन्यात मीच टाकली ना? एकदम चांगली है.”

“चांगली आहे तर दुपारी मरती कशी?”

“मरती नहीं. कोई मार रहा है उसको.”

पैठण गेटजवळच्या गल्लीत ओवैसचं दुकान म्हणजे काचेचं एक कपाट, एक स्टूल आणि वर लटकणारी मोबाइल कव्हरं. वहिदा तिसऱ्यांदा आली होती. पहिल्या वेळी त्यानं स्क्रीनचा उजेड कमी केला आणि तिच्या नातवानं टाकलेले गेम काढले. दुसऱ्या वेळी बॅटरी बदलली. फरक पडला नाही. पूर्ण चार्ज केलेला फोन घेऊन ती सकाळी रोशन गेटच्या घरातून निघायची आणि पेशंटची दुपारची गोळी द्यायच्या सुमारास फोन बंद झालेला असायचा.

ओवैसनं सेटिंगमध्ये जाऊन एक पान उघडलं. कोणत्या ॲपनं किती बॅटरी खाल्ली त्याच्या रेघा होत्या.

“हे बघा. व्हॉट्सॲप, एवढंसं. तुमचं बोलणं, एवढंसं. अन् हे साहेब बघा.”

सगळ्यात वरची रेघ पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली होती. तिच्या शेजारी हिरव्या गोलात जोडलेले दोन हात. तिला काम देणाऱ्या एजन्सीचं ॲप.

“ते तर मी सकाळी एकदाच उघडते,” वहिदा म्हणाली. “हजेरीचं बटन दाबते अन् बंद करते.”

“तुम्ही बंद करता. ते होत नाही. मागच्या मागं चालूच राहतं. तुम्ही कुठं आहात ते बघतं, एजन्सीला कळवतं, परत बघतं. घरात रेंज कमी असली की अजून जोर लावतं. फोन गरम होत असंल.”

“तव्यावानी.”

“मग? असं करू, याला मागं चालायची बंदी घालतो. अन् तोवर त्या घरीच चार्जिंगला लावत जा ना. बोर्ड तर असंलच.”

“परक्या घरची लाईट मी लावत नाही.”

ओवैस हसला. “लाईटचे किती पैसे होणार खाला?”

“पैशाचं नाही ते,” ती म्हणाली.

वहिदा शेख घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्या माणसांची सेवा करते. अंग पुसणं, कूस बदलणं, भरवणं, डायपर बदलणं. हे काम तिला आशाबाईनं शिकवलं. आशाबाई घाटीच्या सरकारी दवाखान्यातल्या वॉर्डातून निवृत्त झालेली आया. तिनं वहिदाला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, पेशंटच्या घरचं पाणी प्यायचं, चहा नाही. चहा आला की बसणं आलं, बसणं आलं की गप्पा आल्या, आणि चार दिवसांनी तोच चहा कुणीतरी बोलून दाखवतं. लाईटचा नियम वहिदानं स्वतः जोडला. समर्थनगरातल्या एका घरी तिनं फोन चार्जिंगला लावला होता. घरच्या बाईंनी आधी चार्जरकडे आणि मग भिंतीवरच्या मीटरकडे पाहिलं. वहिदानं चार्जर काढून पिशवीत टाकला आणि पुन्हा कुठल्याही घरात बाहेर काढला नाही.

एजन्सी तिला बरी वाटली होती. काम शोधत फिरावं लागत नव्हतं. दिवाळीपासून हे ॲप आलं आणि हजेरी फोनवर गेली. फोन बंद पडला की एजन्सीच्या लेखी वहिदाही नाहीशी व्हायची. त्या महिन्यात तिच्या नावापुढे बऱ्याच दिवशी ‘गैरहजर’ असं तांबड्या अक्षरांत आलं होतं. त्यातल्या एकाही दिवशी ती घरी नव्हती.

*

पेशंट उल्कानगरीत. नानासाहेब, मूळचे गंगापूरकडचे. ऊस, कापूस, तालुक्यात वट. लकवा झाल्यावर मुलीनं, तनुजानं, त्यांना आपल्या फ्लॅटवर आणलं. तनुजा बिडकीनच्या एका कंपनीत हिशेब विभागात होती. सकाळी कंपनीची बस, संध्याकाळी परत. मधला सगळा दिवस नानासाहेब आणि वहिदा.

लकव्यानं नानासाहेबांची उजवी बाजू नेली आणि सगळी भाषा नेली. एक शब्द ठेवला: आयला. भूक लागली तरी आयला, पाय आखडला तरी आयला, भाजी आवडली तरी आयला. पहिल्या आठवड्यात वहिदा गोंधळली. मग तिला चाल कळायला लागली. तोंडातल्या तोंडात म्हटला तर डायपर. लांबवला तर खिडकी उघड. तुटक आला तर टीव्हीवरचा माणूस खोटं बोलतोय.

पलंगाशेजारच्या भिंतीवर बोर्ड होता. वहिदाचा फोन मरताना शेवटचा टुणूक आवाज करायचा. तो ऐकला की नानासाहेब डावा हात उचलून बोर्डाकडे बोट दाखवायचे.

“आयला.”

“नको नाना. राहू द्या.”

“आयला!”

“ओरडू नका. बीपी वाढंल. मला तुमची लाईट नको.”

हे रोज चाले. ज्या माणसाच्या वाड्यावर कधीकाळी पंचवीस पानं उठत असतील त्याला आपल्या घरातली एक बाई आपल्या बोर्डाला हात लावत नाही याचा राग येई. मग ते मान भिंतीकडे वळवत, आणि वहिदा त्यांना जेवणाच्या वाटीनं परत या बाजूला आणी.

ओवैसनं बंदी घातली त्याच्या दुसऱ्या दिवशी फोन मेला नाही. दुपार झाली, चार वाजले, तनुजाची बस यायची वेळ झाली तरी चालू. “बघा नाना,” वहिदा म्हणाली, “तुमच्या बोर्डाशिवाय जगला.” नानासाहेबांनी मान भिंतीकडे वळवली.

घरी जाताना रिक्षात मेसेज आला. आज: गैरहजर.

तिनं रिक्षातूनच एजन्सीच्या सुपरवायझरला फोन लावला. सुदर्शन, तिशीतला, सगळ्यांना मावशी म्हणणारा.

“मावशी, तुम्ही ॲप मागं चालायचं बंद केलंय,” तो म्हणाला. “लोकेशनच आलं नाही दिवसभर. मग सिस्टम गैरहजर टाकतं.”

“चालू ठेवलं तर फोन मरतो. मेला तरी गैरहजर, जगला तरी गैरहजर. मी करू काय?”

“नवीन फोन घ्या. न्हाईतर पॉवर बँक घ्या. सगळ्या मावशींनी घेतली.”

“फोन माझा, रिचार्ज माझा, आता बॅटरीचं वझं पण माझ्या पाठीवर? मी तिथं होते. पेशंटला विचारा.”

“पेशंट एकच शब्द बोलतो, मावशी,” सुदर्शन हसला. “तो मी साहेबांना कसा सांगू?”

वहिदाही हसली असती. पण तो पुढे म्हणाला, “अन् मावशी, एक विचारायचं राहिलं. रविवारी तुम्ही भीमनगरला असता. सकाळपासून दुपारपर्यंत. मागच्या रविवारी पण. तिथं खासगी पेशंट धरलाय का? एजन्सीत राहून तसं चालत नाही, करारात लिहिलंय.”

रिक्षा सेव्हन हिलच्या पुलाखाली थांबली होती. मागचे हॉर्न वाजवत होते.

“तुम्हाला कुणी सांगितलं मी भीमनगरला असते?”

“कुणी कशाला सांगंल? दिसतं.”

तिनं फोन ठेवला. भीमनगरात आशाबाई राहत होती. आता ऐंशीच्या घरात, मांडीचं हाड मोडल्यापासून अंथरुणावर. मुलगा आणि सून दोघं कामाला जाणारी. वहिदा सुट्टीच्या दिवशी जायची, तिला न्हाऊ घालायची, केस विंचरायची. आशाबाई त्या वेळात तिच्या चुका काढायची. पाणी गार आहे. टाच नीट पुसली नाहीस. कुणी शिकवलं तुला? दोघी हसायच्या. हे वहिदानं घरातही फारसं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं.

*

“रविवारी पण बघतं का हे?” तिनं ओवैसला विचारलं.

ओवैसनं फोन हातात घेतला. बॅटरीचं पान उघडलं, दिवस मागे सरकवले. रविवारची रेघही तेवढीच लांब होती. रात्री ती झोपलेली असतानाही रेघ चालू होती.

“यात तुम्ही परमिशन दिलीय खाला. नेहमीसाठी. चोवीस तास.”

“मी कधी दिली?”

“ॲप टाकताना विचारतं. हो म्हटल्याशिवाय पुढं जात नाही.”

“ॲप त्या सुदर्शननं टाकलं. माझा फोन हातात घेऊन. मला म्हणाला, मावशी, पाच मिनिटं बसा.”

ओवैसनं मान हलवली. “सगळ्यांचं असंच होतं. असं करतो, परमिशन बदलतो. ॲप उघडाल तेव्हाच दिसाल.”

“मग गैरहजर.”

“मग गैरहजर,” तो म्हणाला. “न्हाईतर पॉवर बँक न्या. माझ्याकडं आहे, तुम्हाला खरेदीच्या भावात देतो. कामाचं नुकसान करून घेऊ नका खाला. रेघ लांब है तो है. सगळ्यांच्या फोनमधी कुणी ना कुणी बसलेलंच आहे.”

“बाकीच्यांच्या मागं ते दुखणेकऱ्याच्या घरात जात नाही.”

दुसरं गिऱ्हाईक काचेवर बोट वाजवत होतं.

“हे काढायचं असलं तर कुठं दाबायचं?” वहिदानं विचारलं.

“द्या, मी काढतो.”

“कुठं दाबायचं ते सांग. दाबणार मी. आज नाही.”

*

सुदर्शन गुरुवारी आला. आधी न कळवता, तपासणीसाठी. तनुजाला त्या दिवशी सुट्टी होती. तिनं दार उघडलं आणि तो थेट आतल्या खोलीकडे निघाला.

“बाहेर थांबा,” आतून वहिदाचा आवाज आला. “अंग पुसणं चाललंय.”

“मावशी, मी सुपरवायझर आहे.”

“असाल. माणूस उघडा आहे. थांबा.”

तो हॉलमध्ये बसला. त्याचा फोन टुणूक वाजला. त्यानं खिशातून चार्जर काढला, सोफ्यामागचा बोर्ड शोधला आणि फोन लावला. तनुजाला यात वावगं काही वाटलं नाही. ती चहा ठेवायला गेली.

वहिदा बादली घेऊन बाहेर आली. तिनं आधी बोर्डाकडे पाहिलं.

“ताईंना विचारलं का?”

“काय?”

“लाईट लावायच्या आधी.”

“अहो मावशी, तुमच्याच लोकेशनपायी माझी बॅटरी संपते. चाळीस मावश्या बघतो मी दिवसभर.”

“वहिदामावशी, राहू द्या ना,” तनुजा स्वयंपाकघरातून म्हणाली.

वहिदानं बादली मोरीत रिकामी केली, हात धुतले, पदराला पुसले आणि येऊन त्याच्यासमोर उभी राहिली.

“मी आत्ता कुठं आहे?”

“इथं.”

“डोळ्यानं दिसते?”

“दिसता.”

“मग लिहा हजर. आजचं, अन् मागचे सगळे. ताईंना विचारा, मी एक दिवस तरी चुकले का.”

“एकही नाही,” तनुजा म्हणाली. “मी एजन्सीला तसं कळवते.”

सुदर्शननं कपाळ चोळलं. “ताई, तुमचं खरं आहे. पण मला लिहिता येत नाही. हजेरी सिस्टमच टाकतं.”

“मग तुम्ही कशाला आलात?” वहिदानं विचारलं.

त्यानं बोर्डाला लावलेल्या आपल्या फोनकडे पाहिलं. तो वाईट माणूस नव्हता. वाळूजच्या एका खोलीत राहत होता आणि त्याच्या वरही कुणीतरी रेघा बघत बसलेलं होतं.

“हे बघा मावशी,” तो म्हणाला. “पैसे कापले असतील ते मी साहेबांच्या मागं लागून मिळवून देतो. शप्पथ. तुम्ही फक्त ॲप चालू राहू द्या.”

“पैसे राहू द्या तुमच्याकडं. तो शब्द काढा. आलेल्या माणसाला गैरहजर म्हणायचं नाही. अन् रविवारी माझ्यामागं यायचं नाही. भीमनगरला माझी आशाबाई आहे. मी तिला न्हाऊ घालते. हे मी तुम्हाला आज सांगितलं, कारण मला सांगावंसं वाटलं. तुम्ही बघितलं म्हणून नाही.”

“मी कुठं माझ्या मनानं...”

“ठाऊक आहे.”

तिनं पिशवीतून फोन काढला. ओवैसनं दाखवल्याप्रमाणे हिरव्या गोलावर अंगठा दाबून धरला. काढायचं का, असं फोननं विचारलं. वहिदानं फोन सुदर्शनच्या तोंडासमोर धरला, त्याला तो प्रश्न वाचू दिला, आणि मग हो दाबलं.

“मावशी, हे केलं म्हणजे काम सोडलं असं धरतात.”

“काम मी सोडलं नाही. हे सोडलं. त्याचं काय धरायचं ते तुम्ही धरा.”

आतून आवाज आला. “आयला.” लांबवलेला. वहिदा आत गेली आणि तिनं खिडकी उघडली.

सुदर्शन गेल्यावर तनुजा दाराशी येऊन उभी राहिली. चहा गार झाला होता.

“मावशी, मी एजन्सीशी बोलते. तुम्ही ते ॲप परत टाका. फोन दिवसभर इथं चार्जिंगला लावा. एवढंच तर आहे. पॉवर बँक मी आणून देते.”

“नको ताई.”

“करारात लिहिलंय, एजन्सीची बाई वर्षभर परस्पर ठेवता येत नाही. माझ्या हातात काही नाही.” तनुजाचा आवाज चढला. “एका ॲपसाठी? बाबांचं काय? त्यांचं तुमच्याशिवाय कुणाला कळत नाही. तुम्हाला तुमचा मान मोठा झाला का?”

वहिदा नानासाहेबांच्या पाठीमागे उशी लावत होती. तिनं आधी उशी नीट केली.

“ताई, मी तुमच्या घरात चोवीस तास डोळा लावून बसले असते तर तुम्ही मला ठेवलं असतं का?”

तनुजा तिथून गेली. नानासाहेब वहिदाकडे पाहत होते. त्या दिवशी जेवण अर्ध्यावर राहिलं.

*

शनिवारी नवी मुलगी आली. श्रेया, चितेगावची, नर्सिंगचा कोर्स केलेली. पिशवीत पॉवर बँक, गळ्यात ओळखपत्र. एजन्सीनं वहिदाला कळवलं होतं की यायची गरज नाही. तरी ती आली. काम हातातून हातात द्यायचं असतं, असं आशाबाई म्हणायची. नुसतं टाकून जायचं नसतं.

तिनं श्रेयाला कूस बदलायची पद्धत दाखवली. उजवा खांदा ओढायचा नाही, तो निखळतो. भाकरी दुधात कुस्करायची, पण पार लगदा करायची नाही, नाना थुंकतात. मग तिनं आयला समजावून सांगितला. तोंडातल्या तोंडात असेल तर काय, लांबवला तर काय, तुटक आला तर काय.

“लिहून घेऊ का मावशी?”

“लिहून काय होणार? ऐक.”

नानासाहेबांनी पूर्ण वेळ डोळे मिटून घेतले होते. ते झोपले नव्हते. वहिदानं त्यांच्या पायावरची चादर सारखी केली आणि म्हणाली, “जाते नाना.” उत्तर आलं नाही. तिनं थोडी वाट पाहिली आणि ती निघाली. जिना उतरताना तिला वाटलं, आता तरी येईल. खालच्या फाटकापर्यंत काही ऐकू आलं नाही.

पुढच्या आठवड्यात तिनं तीन घरी विचारलं. दोघांनी विचारलं, कुठल्या एजन्सीच्या? तिनं सांगितलं, कुठल्याच नाही. शेवटी शहागंजजवळच्या एका प्रसूतिगृहात आयाचं काम मिळालं. पगार कमी. हजेरीला एक वही होती आणि तिच्यात सही करायची होती. वहिदानं सावकाश, पूर्ण नाव लिहिलं.

*

रविवारी तिनं आशाबाईला न्हाऊ घातलं. आशाबाईला एजन्सीचं कळलं होतं.

“सोडलं म्हणे.”

“व्हय.”

“येडी हायस.” मग अंगावर तांब्या पडल्यावर, “पाणी आज बरं हाय.”

तिथून ती उल्कानगरीला गेली. हातात पेरूची पिशवी होती. अंगावर कामाची फिकी साडी नव्हती, ईदची जांभळी होती. तनुजानं दार उघडलं.

“पाहुणी आले,” वहिदा म्हणाली. “नानांना भेटायला.”

“या ना,” तनुजा म्हणाली. “या मावशी. बसा.” ती बाजूला झाली.

वहिदा या घरात पहिल्यांदा खुर्चीवर बसली. नानासाहेब जागे होते. दाढी नीट केलेली होती, उशी मात्र खाली सरकली होती. तिचा हात पुढे झाला आणि तिनं तो मागे घेतला. श्रेयाला रविवारची सुट्टी होती. तनुजानं येऊन उशी वर केली.

चहा आला. वहिदानं तो बशीत ओतला आणि फुंकून प्यायली. दुसरी बशी ओतली. नानासाहेब तिच्याकडे बघत होते. बशी रिकामी झाल्यावर त्यांनी डावा हात चादरीतून बाहेर काढला. हात भिंतीवरच्या बोर्डाकडे गेला आणि तिथेच राहिला.

वहिदाच्या फोनमध्ये निम्म्याहून जास्त चार्जिंग होतं. आता तो झोपेपर्यंत सहज पुरत होता.

तिनं पिशवीतून चार्जर काढला. तो तिनं सकाळी घरून निघतानाच घेतला होता.

“ताई, लावू का?”

तनुजानं मान डोलावली. वहिदा उठली, पलंगाला वळसा घालून बोर्डापाशी गेली, पिन खोचली आणि बटण दाबलं. फोन एकदा टुणूक वाजला. तिनं तो नानासाहेबांच्या उशाशी ठेवला, जिथून तो त्यांना दिसेल.

“आयला,” नानासाहेब म्हणाले.

ही चाल तिनं श्रेयाला सांगितली नव्हती. वहिदा परत येऊन खुर्चीवर बसली.